संगणकाची साफसफाई : घाबरू नका, क्रम चुकवू नका

(रौप्यमहोत्सवी व्याख्यानमालेत सोसायटीच्या सभागृहात केलेल्या भाषणाचा लेखी मजकूर)



या व्याख्यानमालेत आतापर्यंत मधुमेह झाला, गुडघेदुखी झाली, मृत्युपत्र झालं. आज माझ्या वाट्याला संगणकाचं दुखणं आलं आहे. मी काही संगणकतज्ज्ञ नाही. अडतीस वर्षं बँकेत काढली. शाखेत पहिलं लेजर पोस्टिंग मशीन आलं तेव्हापासून या यंत्राशी ओळख. निवृत्तीनंतर वेळ होता, म्हणून आधी घरचा आणि मग शेजाऱ्यापाजाऱ्यांचा संगणक बघून द्यायला लागलो. त्यातून एक गोष्ट पक्की कळली, तीच आज सांगायची आहे. संगणकात शिरलेली घाण घरच्या माणसाला एका दुपारीत काढता येते. मात्र दोन अटी आहेत. घाबरायचं नाही आणि क्रम चुकवायचा नाही. लोकांचे पैसे जातात ते बहुतेक वेळा व्हायरसमुळे नव्हे, व्हायरसच्या भीतीमुळे.

आधी हे प्रकरण आहे तरी काय ते बघू. व्हायरस म्हणजे कुणीतरी लिहिलेला प्रोग्रॅमच. आपल्या परवानगीशिवाय, किंवा फसवून परवानगी घेऊन, तो आपल्या यंत्रात काम करतो. पीसीवर पसरलेला पहिला व्हायरस म्हणून ज्याचं नाव घेतात तो 'ब्रेन', १९८६ सालचा. लाहोरच्या दोन भावांनी लिहिलेला. तो फ्लॉपीवरून पसरायचा आणि गंमत म्हणजे त्यात त्यांनी स्वतःची नावं, पत्ता आणि फोन नंबरसुद्धा घातला होता! आजचे चोरही फोन नंबर देतात, पण तो वेगळ्या कारणासाठी. त्याकडे पुढे येतो.

आपली सोसायटी नोंदली गेली त्याच्या आदल्या वर्षी, म्हणजे मे २००० मध्ये, 'आय लव्ह यू' नावाचा व्हायरस जगभर पसरला. ईमेलमधून प्रेमपत्र म्हणून यायचा. सोबतच्या फाइलच्या नावात शेवटी 'टीएक्सटी' दिसायचं, म्हणजे साधी मजकुराची फाइल. प्रत्यक्षात त्याच्यापुढे 'व्हीबीएस' अशी आणखी तीन अक्षरं होती आणि विंडोज ती लपवत असे. ती फाइल म्हणजे चिठ्ठी नव्हती, प्रोग्रॅम होता. पंचवीस वर्षं झाली, पण युक्ती अजून चालते. 'वीजबिल, पीडीएफ' असं नाव दिसतं आणि मागे 'ईएक्सई' दडलेलं असतं. म्हणून घरी गेल्यावर पहिलं काम करा. फाइल एक्सप्लोररमध्ये 'व्ह्यू'मध्ये जाऊन 'फाइल नेम एक्स्टेन्शन्स'वर खूण करा. फाइलचं आडनाव दिसायला लागेल. आडनाव कळल्याशिवाय कुणाला घरात घेऊ नये, हे बँकेतही खरं आणि इथेही.

आता लक्षणं. संगणक हळू झाला म्हणजे व्हायरसच, असं नाही. दहा वर्षांचं यंत्र असेल, डिस्क गच्च भरली असेल, तर तो म्हातारा झालाय एवढंच. आपण तरी जिने पूर्वीसारखे चढतो का? व्हायरसची लक्षणं वेगळी. ब्राउझर उघडला की आपण न निवडलेलंच पान येतं. शोधायला काही टाकलं की भलत्याच ठिकाणी नेतो. कोपऱ्यात सारख्या जाहिराती उगवतात. आपण कधी न घेतलेला प्रोग्रॅम यादीत दिसतो. अँटिव्हायरस आपोआप बंद पडलेला असतो आणि चालू करू म्हटलं तर होत नाही. मित्रांचे फोन येतात, 'अहो, तुमच्याकडून हे काय मेल आलंय?' यातलं एक जरी असलं तरी तपासणी करायची.

आणि एक लक्षण असं आहे, जे लक्षणच नव्हे. आपल्याच एका ज्येष्ठ भगिनी, त्यांची परवानगी घेऊन सांगतो, घरी एकट्या असतात, मुलगी परदेशात. दुपारी संगणकावर पाककृती शोधत होत्या. एकदम सगळा पडदा लाल झाला. भोंगा वाजायला लागला. 'तुमचा संगणक बंद करू नका, बँकेची माहिती चोरीला जात आहे, ताबडतोब या क्रमांकावर फोन करा.' वर मोठ्या कंपनीचं चिन्ह. बाईंनी फोन उचलला. पण तो नंबर फिरवण्याआधी त्यांनी समोरच्या फ्लॅटमधल्या वहिनींना हाक मारली. वहिनींनी मला बोलावलं. मी गेलो आणि कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकत्र दाबली. टास्क मॅनेजर उघडला, त्यात ब्राउझर निवडून 'एंड टास्क' केलं. भोंगा बंद! मग पूर्ण तपासणी केली. संगणकात काहीही नव्हतं. तो लाल पडदा म्हणजे नुसतं एक वेबपान होतं.

त्या नंबरवर फोन केला असता तर काय झालं असतं? पलीकडचा माणूस फार सभ्यपणे बोलतो. 'मावशी, घाबरू नका, मी दुरुस्त करून देतो' म्हणतो. दूरवरून संगणक चालवण्याचं एक ॲप घ्यायला लावतो. ती ॲप्स मुळात वाईट नाहीत, ऑफिसांत रोज वापरतात. पण अनोळखी माणसाला ते ॲप देणं म्हणजे लॉकरची किल्ली देऊन आपण चहा करायला आत जाणं. तो मग आपल्याच पडद्यावर आपल्याला बँकेचं खातं उघडायला लावतो. लक्षात ठेवा, खरा अँटिव्हायरस किंवा खरं विंडोज पडद्यावर फोन नंबर दाखवून 'फोन करा' असं कधीच म्हणत नाही. नंबर दिसला की ते खोटं. आणि टास्क मॅनेजरही उघडेना, तर पॉवरचं बटण दहा सेकंद दाबून धरा. 'बंद करू नका' असं चोर म्हणतोय, आपण त्याचं का ऐकायचं?

आता खरोखर घाण शिरली तर काय करायचं? त्यासाठी आपल्या सोसायटीच्या ऑफिसचंच उदाहरण घेतो, कारण ते बऱ्याच जणांनी पाहिलं आहे. वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते, हे तुम्हाला माहीत आहेच. सभेआधीचे दिवस होते. अहवाल छापायला पेन ड्राइव्ह बाहेर झेरॉक्सच्या दुकानात गेला आणि परत आला. ऑफिसच्या संगणकाला लावला तर आतल्या प्रत्येक फोल्डरच्या जागी शॉर्टकट! चित्रावर छोटा बाण असलेले. त्यावर क्लिक केलं की फोल्डर उघडायचा, म्हणून कुणाला संशय आला नाही. पण प्रत्येक क्लिकसरशी मागे दडलेला प्रोग्रॅमही चालू होत होता. तो संगणकात शिरला आणि पुढे लावलेल्या प्रत्येक पेन ड्राइव्हमध्ये उतरला. दोन दिवसांत तो चार सदस्यांच्या घरी पोहोचला. त्या संगणकावर मेंटेनन्सची बिलं होती, सिंकिंग फंडाचा हिशेब होता, सभासदांचा 'आय' नोंदवहीचा मजकूर होता. कुणी म्हणालं, 'सगळं उडवून नवीन विंडोज टाका.' तसं केलं असतं तर व्हायरस गेला असता, आणि हिशेबही गेला असता.

तेव्हा आम्ही जो क्रम पाळला तोच सांगतो. लिहून घ्यायचा असेल तर घ्या.

पहिलं काम, तोडणे. इंटरनेटची वायर काढा, वायफाय बंद करा. बाहेरचे पेन ड्राइव्ह, डिस्क काढून ठेवा. शाखेत गैरव्यवहाराचा संशय आला की आम्ही आधी काउंटर थांबवायचो, चौकशी नंतर. या यंत्रावरून आता बँकेचं काही करायचं नाही, पासवर्डसुद्धा टाकायचा नाही.

दुसरं काम, आपलं सामान वाचवणे. कागदपत्रं, फोटो, हिशेबाच्या फाइल्स यांची नकल एका बाहेरच्या डिस्कवर घ्या. फक्त कागदपत्रं, प्रोग्रॅम नकोत. नकल झाली की डिस्क लगेच काढा आणि वर 'न तपासलेली' अशी चिठ्ठी लावा. यंत्र साफ झाल्यावर ती डिस्क आधी स्कॅन करायची, मगच उघडायची. जुन्या नकला असतील त्यांना मात्र हात लावायचा नाही, त्या कपाटातच राहू द्यात.

तिसरं काम, उघड दिसणारी घाण काढणे. 'सेटिंग्ज'मध्ये 'ॲप्स'ची यादी उघडा आणि तारखेप्रमाणे लावा. त्रास सुरू झाला त्या सुमारास आलेला, आपण न मागितलेला प्रोग्रॅम 'अनइन्स्टॉल' करा. नाव ओळखीचं नसेल तर आधी घरात विचारा, दुसऱ्या यंत्रावर शोधून बघा. उगाच प्रिंटरचा प्रोग्रॅम काढून बसाल. मग ब्राउझर. त्यातली 'एक्स्टेन्शन्स' बघा, नको ती काढा. 'नोटिफिकेशन्स'ची परवानगी कुणाकुणाला दिली आहे ते बघा. कोपऱ्यातल्या त्या जाहिराती बहुधा तिथूनच येतात, कधीतरी घाईत 'अलाऊ' दाबलेलं असतं. एवढ्यानेही भागलं नाही, तर ब्राउझरच्या सेटिंग्जमध्ये 'रीसेट' आहे.

चौथं काम, तपासणी. विंडोज १० आणि ११ मध्ये डिफेंडर नावाचा अँटिव्हायरस आधीच असतो, वेगळे पैसे द्यावे लागत नाहीत. तपासणीपुरतं इंटरनेट जोडून तो आधी ताजा करा. मग 'विंडोज सिक्युरिटी' उघडा, 'व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन'मध्ये जा आणि 'स्कॅन ऑप्शन्स'मधून 'फुल स्कॅन' निवडा. 'क्विक स्कॅन' म्हणजे नुसती कॅश मोजणं, 'फुल स्कॅन' म्हणजे सगळी लेजरं तपासणं. काही तास लागतात, लागू द्यात. त्यानंतर त्याच यादीतलं 'ऑफलाइन स्कॅन' करा. यात संगणक बंद होऊन पुन्हा सुरू होतो आणि विंडोज पूर्ण उठण्याआधीच तपासणी होते, साधारण पंधरा मिनिटांत. काही व्हायरस विंडोज चालू असताना स्वतःला लपवतात, ते इथे सापडतात. ऑडिटर सकाळी शाखा उघडण्याआधीच दारात उभा राहावा, तसं हे. लॅपटॉप चार्जिंगला लावून ठेवा, उघडलेलं काम आधी जतन करा.

डिफेंडरच चालू होत नसेल तर संगणक 'सेफ मोड'मध्ये सुरू करायचा. शिफ्ट दाबून धरून 'रीस्टार्ट' म्हटलं की तिथे जाण्याची वाट मिळते. त्यात मोजकेच प्रोग्रॅम चालतात, त्यामुळे चोराचे हात बांधलेले असतात. मायक्रोसॉफ्टचा 'सेफ्टी स्कॅनर'ही मोफत आहे. तो दुसऱ्या चांगल्या संगणकावर उतरवून आणता येतो. त्याची मुदत दहा दिवसांची असते, मग नवा घ्यावा लागतो. भारत सरकारच्या सर्ट-इन या संस्थेने २०१७ साली 'सायबर स्वच्छता केंद्र' सुरू केलं, तिथेही मोफत साधनं मिळतात. विकतचा अँटिव्हायरस घ्यायचा तर जरूर घ्या. आपल्या पुण्यातल्या काटकर बंधूंनी कॅल्क्युलेटर दुरुस्तीच्या धंद्यातून पुढे येऊन 'क्विक हील' उभं केलं, याचा मला मराठी माणूस म्हणून अभिमान आहे. पण एका वेळी एकच कायमचा अँटिव्हायरस ठेवा. दोन ठेवले की ते एकमेकांवरच संशय घेत बसतात.

पाचवं काम, सुरुवात कोण करतं ते बघणे. टास्क मॅनेजरमध्ये 'स्टार्टअप'ची यादी असते. संगणकासोबत कोण कोण आपोआप उठतं, ते तिथे कळतं. ऑफिसच्या संगणकात आमचा चोर तिथेच बसला होता. तपासणीत तो पकडला गेला. मग उरले पेन ड्राइव्ह. आतले खरे फोल्डर गेले नव्हते, व्हायरसने त्यांना नुसतं लपवलं होतं. लपवल्याची खूण काढण्यासाठी 'ॲट्रिब' नावाची एक ओळीची आज्ञा आहे. ती मोठ्या अक्षरांत लिहून ऑफिसच्या कपाटाच्या दाराला आतून लावली आहे. फोल्डर परत मिळाले, त्यातलं सामान साफ संगणकावर घेतलं, पेन ड्राइव्ह फॉरमॅट केले. चार घरांतले संगणकही याच पद्धतीने तपासले. सभा ठरल्या दिवशी झाली आणि ताळेबंद जसाच्या तसा मांडला गेला.

सहावं काम लोक विसरतात, आणि खरी किंमत त्याचीच आहे. किल्ल्या बदलणे. चोर घरातून गेला, पण त्याने किल्ल्यांचा ठसा घेतला नाही कशावरून? काही व्हायरस आपण दाबलेलं प्रत्येक बटण टिपून घेतात. म्हणून दुसऱ्या, चांगल्या यंत्रावरून पासवर्ड बदला. आधी ईमेलचा, कारण बाकी सगळे पासवर्ड त्याच्या मार्फत बदलता येतात. मग बँकेचा. ईमेलमध्ये 'सगळ्या ठिकाणांहून साइन आउट' अशी सोय असते, ती वापरा. आणि दुहेरी पडताळणी चालू करा. बँकेत स्ट्राँगरूमच्या किल्ल्या नेहमी दोघांकडे असतात, एकट्याला दार उघडत नाही. जॉइंट कस्टडी म्हणतात तिला. पासवर्ड ही एक किल्ली, मोबाइलवर येणारा आकडा ही दुसरी. तो आकडा दुसऱ्याला सांगणं म्हणजे जॉइंट कस्टडी मोडणं.

सातवं काम, खिडक्या नीट लावणे. मे २०१७ मध्ये 'वॉनाक्राय' आला. फाइल्सना कुलूप लावून खंडणी मागायचा. दीडशेहून अधिक देशांत पसरला. ज्या भगदाडातून तो शिरला ते बुजवणारं अपडेट मायक्रोसॉफ्टने दोन महिने आधी, मार्चमध्येच दिलं होतं. ज्यांनी ते वेळेवर घेतलं होतं त्यांची ती खिडकी बंद होती. म्हणून 'अपडेट' आलं की कंटाळा करू नका. विंडोज १० ला नियमित आधार मिळणं १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबलं. घरच्या वापरासाठी एक वर्षाची वाढीव मुदत नोंदणी करून मिळते, पण पुढची व्यवस्था आताच बघा. आणि फुकटात मिळणारं चोरीचं विंडोज, 'ॲक्टिव्हेटर', फोडलेले प्रोग्रॅम, हे घरात नकोतच. कुलूप फोडणाऱ्याकडून कुलूप विकत घेण्यासारखं आहे ते.

हे सगळं करूनही त्रास गेला नाही तर मग 'रीसेट', म्हणजे विंडोज नव्याने टाकणं. तेव्हा दुरुस्तीवाल्याला आधी विचारा, 'माझ्या फाइल्सची नकल घेतली का? विंडोज लायसन्सचं आहे का? बिल देणार का?' शक्य असेल तर काम समोर बसून करून घ्या.

पैसे गेलेच तर काय? लाजायला बसू नका. ताबडतोब बँकेला कळवून खातं आणि कार्ड बंद करा आणि १९३० या राष्ट्रीय सायबर मदत क्रमांकावर फोन करा. पैसा एका खात्यातून दुसऱ्या खात्यात पळत असतो, जितक्या लवकर कळवाल तितकी तो वाटेत अडवण्याची शक्यता जास्त. रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकात हिशेब घालून दिला आहे. चूक बँकेची नाही, ग्राहकाचीही नाही, तिसऱ्याच ठिकाणी आहे, आणि बँकेचा संदेश आल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं, तर ग्राहकावर भुर्दंड नाही. चार ते सात दिवसांत कळवलं तर मर्यादित. आपणच पिन किंवा ओटीपी दिला असेल तर कळवेपर्यंतचं नुकसान आपलं, कळवल्यानंतरचं बँकेचं. म्हणजे प्रत्येक बाबतीत कळवण्याची वेळ महत्त्वाची. तक्रारीचा क्रमांक आणि वेळ लिहून ठेवा.

आणि इथेच मला आपल्या वयाच्या मंडळींशी थोडं मनातलं बोलायचं आहे. आपण सांगत नाही. मुलगा म्हणेल, 'बाबा, तुम्हाला किती वेळा सांगितलं', सून काय म्हणेल, शेजारी हसतील. म्हणून दोन-दोन दिवस गप्प बसतो. चोराला नेमके तेच दोन दिवस हवे असतात. 'कुणाला सांगू नका' हे वाक्य त्यामुळेच त्यांच्या तोंडी असतं. तरुण मंडळींनाही विनंती. आईवडिलांनी असं काही सांगितलं तर पहिलं वाक्य 'कशाला क्लिक केलंत?' असं नको. 'बरं झालं लगेच सांगितलंत' असं असू द्या. प्रश्न नंतर विचारा. एकदा ओरडा खाल्लेला माणूस दुसऱ्यांदा सांगत नाही.

त्या भगिनींना संगणकातलं माझ्याहून कमी कळतं. टास्क मॅनेजर वगैरे त्यांना ठाऊक नव्हतं. त्यांनी एकच केलं. पडद्यावरचा नंबर फिरवण्याआधी समोरच्या दारी हाक मारली. पंचवीस वर्षं एका जिन्यावर राहिल्याचा हा फायदा. कुठलाही अँटिव्हायरस तो देत नाही.

कार्यकारिणीने ऑफिसच्या संगणकाची नकल दर शनिवारी दोन डिस्कवर घ्यायचं ठरवलं आहे. एक डिस्क सचिवांकडे, एक खजिनदारांकडे. घरी आपणही निदान महिन्यातून एकदा फोटो आणि कागदपत्रांची नकल घ्या, आणि डिस्क काढून कपाटात ठेवा. लावलेली राहिली तर व्हायरस तिलाही सोडणार नाही. कुणाला जमत नसेल तर शनिवारी संध्याकाळी सहा ते सात मी ऑफिसात असतो. लॅपटॉप आणा, चार्जर आणा. पासवर्ड मात्र मला सांगू नका, तो तुम्हीच टाका. मी मान वळवून बसेन.